संजाची भिंत, ठिपक्यांची रांगोळी आणि इंदूरची चित्रशाळा

इंदूरच्या चित्रकलेचा इतिहास सांगायचा झाला की आपण सगळेच १९२७ पासून सुरुवात करतो. त्या साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी होळकर संस्थानात चित्रकलेची शाळा उभी केली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर ही सगळी मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झाली. एवढं सांगून आपण अभिमानाने थांबतो. अभिमान रास्तच आहे. पण मला नेहमी एक साधा प्रश्न पडतो. देवळालीकरांकडे मुलगा यायचा तो मिसरूड फुटायच्या वयात. त्याआधी, पाच ते दहा या वयात, त्याच्या डोळ्याला वळण कोणी लावलं? आकार ओळखणं, रंगाशेजारी रंग ठेवणं, एकच खूण पुन्हा पुन्हा काढून नक्षी जमवणं, हे शिक्षण कुठे झालं?

मी पेशाने इंजिनिअर. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर यांच्याशी पंचवीस-तीस वर्षं संसार झाला, म्हणून कदाचित मला चित्रापेक्षा चित्र शिकवण्याच्या पद्धतीत जास्त रस. या लेखात त्या पद्धतीचाच माग काढायचा आहे. त्यासाठी माळव्यातली भिंत, मराठी घराचं अंगण, युरोपातल्या शिक्षकांची खटपट आणि इंदूर-बडोद्याच्या कलाशाळा अशा चार ठिकाणी जावं लागेल. प्रवास लांबचा वाटेल, पण रस्ता एकच आहे.

सोळा दिवसांचा अभ्यासक्रम

माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर संजा मांडतात. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी. भिंतीचा चौकोनी तुकडा शेणाने सारवायचा, त्यावर शेणाच्याच बारीक वळ्यांनी त्या दिवसाची आकृती उठवायची आणि ती फुलांच्या पाकळ्यांनी सजवायची. दुसऱ्या दिवशी जुनी आकृती खरवडून काढायची आणि नवी घालायची. पौर्णिमेला पाटला, म्हणजे आपला पाट. मग चौपट, पाच कुंवारे, साथिया म्हणजे स्वस्तिक, आठ पाकळ्यांचं फूल, डोकरा-डोकरी, पंखा अशी एकेक आकृती येत जाते. गावागणिक, गल्लीगणिक क्रम थोडा बदलतो. पण शेवटी सगळीकडे किलाकोट येतो. भोवती कोटाची नक्षीदार चौकट आणि आत आधीच्या दिवसांतल्या आकृत्यांची दाटी.

आता हे जरा शिक्षकाच्या नजरेने बघा. पहिल्या दिवशी सगळ्यात सोपा आकार. मग हळूहळू अवघड. पंचमीला पाच आकृत्या, अष्टमीला आठ पाकळ्या, म्हणजे मोजणीही त्यातच आली. आधी निर्जीव वस्तू, मग माणूस. आणि शेवटच्या दिवशी शिकलेलं सगळं एका चौकटीत बसवायचं, म्हणजे रचना. आजच्या भाषेत याला टप्प्याटप्प्याने वाढणारा अभ्यासक्रम म्हणतील. इथे त्याला कुणी नाव दिलं नाही. ताईने केलं, धाकटीने बघितलं, पुढच्या वर्षी धाकटीच्या हातात शेण आलं.

रंगाचा धडा तर याहून पक्का. भिंत शेणाची, आकृतीही शेणाची. दोन्ही एकाच रंगाचे. लांबून बघितलं तर आकृती दिसतच नाही. ती दिसायला हवी असेल तर पाकळी लावावीच लागते, आणि कुठली लावायची हेही ठरवावं लागतं. शेणाच्या गडद हिरवट-तपकिरी जमिनीवर पांढरी किंवा पिवळी पाकळी लगेच उठते. गुलाबी गुलतेवडी चमकते. गडद जांभळी मात्र दबून जाते. आठ वर्षांच्या मुलीला हा फरक कुणी समजावून सांगत नाही. लावून बघते, दोन पावलं मागे जाते, नाही जमलं तर पाकळी बदलते.

याच शहरातल्या मराठी घरांत लगेच पुढे नवरात्र आणि हस्त नक्षत्राचा भोंडला येतो. पाटावर हत्ती काढायचा आणि भोवती फेर धरायचा. संजाचा प्रसाद आणि भोंडल्याची खिरापत, दोन्ही ओळखायला लावायची पद्धतही सारखीच. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांच्या मुलींनी एकमेकींचे खेळ किती सहज उचलले असतील याची कल्पना इंदूरच्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना वेगळी द्यायला नको.

ठिपक्यांचं गणित

आता अंगणात या. गेरूने सारवलेली लालसर जमीन, वर पांढरी रांगोळी. रंगविरोध तिथेही पहिलाच नियम आहे. ठिपक्यांच्या रांगोळीचे ढोबळ दोन प्रकार. एकात ठिपके एकाखाली एक, सरळ ओळीत. दुसऱ्यात खालचा ठिपका वरच्या दोहोंच्या मधे. पहिल्यातून चौकोनांची जाळी मिळते, दुसऱ्यातून त्रिकोण आणि षटकोनांची. आमच्याकडे मशीन ड्रॉइंगला ज्याला ग्रिड म्हणतात तो हाच.

"सात ते चार" अशी रांगोळी घ्या. मधल्या ओळीत ७ ठिपके, वर-खाली ६, ५, ४. एकूण ७ + २ × (६ + ५ + ४), म्हणजे ३७. "पंधरा ते आठ" घेतली तर १६९. दोन्ही वेळा बाहेरची रेषा नेमका षटकोन होते आणि त्याच्या सहाही बाजूंवर सारखे ठिपके येतात, पहिल्यात ४, दुसऱ्यात ८. आजीला सूत्र ठाऊक नव्हतं, पण एक ठिपका चुकला तर शेवटची पाकळी जुळत नाही हे पक्कं ठाऊक होतं. रांगोळी स्वतःच आपली चूक दाखवते, वर शिक्षक लागत नाही.

दुसरा नमुना चातुर्मासातल्या गोपद्मांचा. ३३ गोपद्मं काढायची. एकच छोटी खूण तेहतीस वेळा, तीही सारख्या मापाची, सारख्या अंतरावर. पहिली पाच वेडीवाकडी येतात, विसाव्यापर्यंत हात बसतो. नक्षी म्हणजे पुनरावृत्ती, आणि पुनरावृत्तीतून हात तयार होतो, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसं शिकवणार? चैत्रांगणात याच्या उलट. तिथे सूर्य, चंद्र, तुळस, शंख, कासव, नाग, पाळणा, त्रिशूळ अशा कितीतरी वेगवेगळ्या आकृत्या एकाच अंगणात मांडायच्या. प्रत्येक आकृती दोन-चार रेषांत ओळखू आली पाहिजे. एका व्रतात नक्षी, दुसऱ्यात आकृती.

युरोपातून आलेला रस्ता

ज्या काळात आपल्याकडे हे बिनबोभाट चालू होतं, त्याच काळात युरोपात शिक्षक याच प्रश्नाशी झगडत होते. स्वित्झर्लंडच्या पेस्टालोझीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं की अक्षरांची जशी मुळाक्षरं असतात तशी बघण्याचीही असतात: रेषा, कोन, चौकोन, वर्तुळ. त्याच्याकडे काम केलेल्या जर्मनीच्या फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्याने मुलांच्या हातात लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, रंगीत चौकोनी-त्रिकोणी फरश्या आणि विणायला कागदाच्या पट्ट्या दिल्या. फ्रोबेलची मुलं चौकटी आखलेल्या पाटीवर आणि कागदावर चित्रं काढत. आपली ठिपक्यांची जाळी आणि ती चौकटीची पाटी शेजारी ठेवा, नातं लगेच दिसेल.

रंगाच्या बाजूने काम केलं ते फ्रान्सच्या शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या सरकारी गालिचा-कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली. त्याने तपास केला तर काळ्या रंगात दोष नव्हता, शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच लिहिला. सार एवढंच: कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. संजाच्या भिंतीपुढे दोन पावलं मागे जाणारी मुलगी नेमकं हेच तपासत असते.

मग इंग्लंड. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हिंदुस्थानातली कापडं, गालिचे, मिनाकारी बघून तिकडचे लोक थक्क झाले. ओवेन जोन्सने १८५६ साली जगभरच्या नक्षीचा मोठा ग्रंथ काढला, त्यात हिंदुस्थानी नक्षीला मानाची जागा दिली आणि रंग-आकाराचे ३७ नियम मांडले. त्याच सुमारास साउथ केन्सिंग्टनच्या खात्याने २३ पायऱ्यांचा चित्रकलेचा अभ्यासक्रम बांधला. आधी सरळ रेषा, मग भूमिती, मग छापील नमुन्याची नक्कल, मग ठोकळे, मग रंग. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा सुरू झाली, आणि तिच्यावर याच केन्सिंग्टन-पद्धतीची छाप पडली. म्हणजे गंमत बघा, आपल्याच विणकरांची नक्षी लंडनला गेली, तिथे तिचे नियम झाले, आणि ते नियम धड्याच्या रूपाने आपल्याच मुलांकडे परत आले.

वेगवेगळ्या पेपरांत वाटलेलं चित्र

या परंपरेतून मुंबई इलाख्यात चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा आल्या. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ही नावं मराठी घरांत अजूनही ओळखीची आहेत. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे पेपर. या परीक्षांनी फार मोठं काम केलं. खेड्यातल्या मुलाच्या हातात त्यांच्यामुळे ब्रश आला, ड्रॉइंगमास्तर नावाचा माणूस शाळेत टिकला. माझ्यासारख्या कित्येक इंजिनिअरांचा हात या परीक्षेच्या भूमितीच्या पेपरानेच साफ झालाय.

पण त्यांनी एक गोष्ट केली. आकृती एका पेपरात गेली, नक्षी दुसऱ्यात, भूमिती तिसऱ्यात. अंगणातल्या रांगोळीत ज्या गोष्टी एकाच वेळी, एकाच बोटातून उतरत होत्या, त्या वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कागदावर तपासल्या जाऊ लागल्या. शिवाय परीक्षा आली की पास-नापास आलं, आणि "मला चित्र येत नाही" असं म्हणणारी माणसं तयार झाली. संजा मांडणाऱ्या मुलीने "मला संजा येत नाही" म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

लहान मुलांसाठी वेगळी वाट काढली ती बालमंदिराच्या चळवळीने. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. मराठी माणसाच्या ओळखीच्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्यासोबत काम करू लागल्या, पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांनी हे काम नेलं. माँटेसरी-साहित्यात रंगाच्या पट्ट्या असतात. पहिल्या पेटीत लाल, पिवळा, निळा यांच्या जोड्या, नंतरच्या पेटीत एकाच रंगाच्या गडद ते फिक्या छटा लावायच्या. धातूच्या चौकटी-साच्यांभोवती पेन्सिल फिरवून आकार काढायचा आणि आतला भाग रंगीत रेषांनी भरायचा. पण हे साहित्य महाग. गावात आणि आदिवासी पाड्यांवर काम करताना ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा भोवतालच्या वस्तू हाताशी घेतल्या. गोल फिरून आपण पुन्हा पाकळी आणि भिंतीपाशीच आलो.

देवळालीकरांची मुलं काय करत गेली

आता पुन्हा इंदूर. देवळालीकरांच्या शाळेतली मुलं परीक्षा मुंबईची देत, पण देवळालीकर त्यांना बाहेर नेत. घाट, गल्ल्या, बाजार, माळव्याचं ऊन यांची चित्रं जागेवर बसून काढायला लावत. इंदूरच्या चित्रकारांच्या निसर्गचित्रांत रंगांचे सरळ, जाड फटकारे दिसतात ते त्यातूनच. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी तिघे फिरून लहान मुलांच्या चित्रविश्वापर्यंत पोचले. तिन्ही वाटा वेगळ्या आहेत.

पहिले हुसेन. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवल्यानंतर १९४१ च्या सुमारास ते मुलांची खेळणी आणि पाळणाघरातलं फर्निचर बनवणाऱ्या कामात शिरले आणि काही वर्षं तेच केलं. लाकडाच्या फळीतून कापायचा आकार ठसठशीत हवा, मूल लांबून ओळखेल असा. रंग मोजके आणि एकमेकांवर उठणारे हवेत. त्यांच्या पुढच्या चित्रांतली जाड बाह्यरेषा आणि सपाट रंगांचे तुकडे बघताना हा लाकडी घोडा आठवल्याशिवाय राहत नाही.

दुसरे बेंद्रे. १९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची शाखा सुरू झाली आणि चित्रकला विभाग बेंद्र्यांकडे आला. बडोद्याला जमीन आधीच नांगरलेली होती. सयाजीरावांच्या राज्यात १८९० साली कलाभवन निघालं होतं. तिथे ड्रॉइंग, रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम एकाच छपराखाली शिकवलं जाई. सक्तीचं प्राथमिक शिक्षणही तिथे १९०६ पासून राज्यभर होतं. बेंद्र्यांच्या पाठोपाठ के. जी. सुब्रमण्यन बडोद्याला आले. त्यांनी लोककारागिरांची खेळणी, मातीकाम, विणकाम यांना चित्रकलेच्या बरोबरीने वर्गात आणलं. १९६० च्या दशकात तिथे कलामेळे भरू लागले. त्यांत शिक्षक-विद्यार्थी मिळून लाकूड, चामडं, मणी यांची खेळणी करून विकत. सुब्रमण्यन यांनी मुलांसाठी चित्रपुस्तकंही केली. कापलेल्या कागदासारखे सपाट आकार, दाट रंग आणि पानभर नक्षी.

तिसरे विष्णू चिंचाळकर. जन्म १९१७. इंदूरला ते सगळ्यांचे "गुरुजी". राहुल बारपुते, कुमार गंधर्व, बाबा डिके ही त्यांच्या बैठकीतली माणसं. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांत हात पक्का बसलेला. मनात आणलं असतं तर त्यावरच नाव आणि पैसा दोन्ही मिळवले असते. पण गुरुजींनी वाट बदलली. वाळकं पान, झाडाची साल, फुटकी वस्तू, चिंधी उचलायची, फिरवून फिरवून बघायची, आणि त्यात लपलेला पक्षी किंवा माणसाचा चेहरा दिसला की दोन-चार खुणांनी तो मोकळा करायचा. मुलांना ते हेच शिकवत. आधी बघ, मग काढ.

"खुलते अक्षर, खिलते अंक" या त्यांच्या पुस्तकात हीच पद्धत अक्षरांना आणि अंकांना लावलेली आहे. देवनागरी अक्षर म्हणजे मुळात एक आकृतीच. तिला थोडं वळवलं, एखादी रेषा जोडली की प्राणी होतो, माणूस होतो. अक्षर गिरवायला कंटाळलेलं मूल चित्र समजून तेच अक्षर दहादा काढतं. लिहिणं आणि चित्र काढणं यांच्यातली जी भिंत शाळेने उभी केली होती, ती गुरुजींनी पाडली.

माझ्या मते देवळालीकरांच्या शाळेचा सर्वांत दूर पोचलेला वारसा हाच. हुसेन-बेंद्र्यांची चित्रं संग्रहालयात आहेत. गुरुजींचा धडा मात्र कुठल्याही मुलाला फुकट, रस्त्यावर पडलेल्या पानावर घेता येतो.

पुसली जाणारी पाठशाळा

आता खरा मुद्दा. वारसा म्हणून आपण जे जपतो ते टिकाऊ असतं: वाडा, शिलालेख, तैलचित्र, मोडी कागद. संजा दुसऱ्या दिवशी खरवडली जाते. रांगोळी संध्याकाळपर्यंत पायाखाली जाते. ती पुन्हा काढली जाते म्हणूनच ती टिकते. आणि ते पुन्हा काढणं आता थांबत चाललंय. सारवायला भिंत नाही, शेण नाही. बाजारात छापील संजा मिळते, ती चिकटवली की झालं. रांगोळीचे छाप आणि जाळीचे साचे मिळतात, वरून रंग टाकला की नक्षी तयार. मुलांच्या हातात येतं ते आयती बाह्यरेषा असलेलं रंगवायचं पुस्तक. आकृती दुसऱ्याने ठरवली, नक्षी दुसऱ्याने मांडली, मुलाने फक्त रेषेच्या आत राहायचं.

यात सुंदर दिसण्याचं काही नुकसान नाही. छाप हातापेक्षा नेटकाच येतो. नुकसान आहे ते ठरवण्याचं. कुठली पाकळी उठेल, कितवा ठिपका चुकला, पानात पक्षी आहे की मासा, हे ठरवणारं मन त्या छोट्या कामांतून घडत होतं. मी कारखान्यात तरुण इंजिनिअर बघितले आहेत. कॉम्प्युटरवर सुबक ड्रॉइंग काढतात, पण कागदावर हाताने तिन्ही बाजू काढून दाखव म्हटलं की अडखळतात. डोळ्याचं शिक्षण लहानपणी राहून गेलं की मोठेपणी फार महाग पडतं.

आपल्या मंडळासारख्या लोकांना इथे करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि खर्च जवळपास शून्य. येत्या पितृपक्षात घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना विचारा: तुमच्या गल्लीत संजाचा क्रम कसा होता? कुठल्या दिवशी काय? कुठली फुलं? सोळाही आकृत्या त्यांच्याकडूनच कागदावर काढून घ्या. त्यावर गाव, गल्ली, साल लिहा. जुन्या ठिपक्यांच्या रांगोळीच्या वह्या घराघरात आहेत. चौकटीच्या कागदावर निळ्या शाईने काढलेल्या, कोपऱ्यात "१५ ते ८" असं लिहिलेल्या. रद्दीत जाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. ड्रॉइंगमास्तरांच्या, ग्रेड परीक्षेच्या जुन्या शीटही तशाच. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, पणजी, हैदराबाद इथल्या वह्या शेजारी ठेवल्या तर मराठी घर जिथे जिथे गेलं तिथे शेजाऱ्यांकडून काय शिकलं हे त्या वह्याच सांगतील.

आणि नातवंडं घरात असतील तर तीन गोष्टी करून बघा. ३७ ठिपके त्यांना स्वतः मोजून घालू द्या, जाळी वापरू नका. एकाच राखाडी कागदाचे दोन तुकडे कापा, एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर चिकटवा, आणि विचारा, दोन्ही सारखे दिसतात का? मग एखादं वाळकं पान हातात द्या आणि गप्प बसा. पहिल्या गोष्टीत नक्षी आहे, दुसरीत रंग, तिसरीत आकृती. मूल काय काढतं त्यापेक्षा किती वेळ बघतं तिकडे लक्ष द्या.